टेंभी नाक्याच्या भिंती काय सांगतात?

स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोम येथे, १८९१ साली आर्तुर हाझेलियस नावाच्या गृहस्थाने एक विलक्षण संग्रहालय उघडले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील जुनी शेतघरे, कोठारे, गोठे, पवनचक्क्या त्याने अक्षरशः उचलून आणल्या आणि एका टेकडीवर पुन्हा उभ्या केल्या. या संग्रहालयाचे नाव स्कान्सेन. आज तेथे सुमारे दीडशे इमारती आहेत. घरांतून हिंडायचे, चूल पाहायची, कोठारात डोकवायचे, आणि दीडदोनशे वर्षांपूर्वीचा शेतकरी कसा राहत होता ते समजून घ्यायचे. शेजारच्या नॉर्वेत याच्याही दहा वर्षे आधी, १८८१ साली, राजा दुसरा ऑस्कर याने असाच एक संग्रह सुरू केला होता. त्यात सन १२०० च्या सुमाराचे एक आख्खे लाकडी चर्च गोल नावाच्या गावाहून आणून बसवले गेले.

आता तुम्ही विचाराल की, आख्खे चर्च उचलून आणायचे म्हणजे काय? उत्तर सोपे आहे. ते लाकडाचे होते. ओंडक्यांचे घर हे खाचांत खाचा अडकवून रचलेले एक मोठे कोडे असते. प्रत्येक ओंडक्यावर क्रमांक घालावा, वरून खाली एकेक ओंडका काढावा, गाडीवर लादावा आणि नव्या जागी खालून वर त्याच क्रमाने रचावा. घर तेच राहते, कारण लाकूड तेच आणि सांधेही तेच. आपल्याकडे चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे १९९६ साली सुरू झालेले 'दक्षिणचित्र' याच धर्तीवर उभे आहे. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र या भागांतील मोडीत निघालेली घरे खरेदी करून, सुटी करून तेथे पुन्हा बांधली आहेत. महाराष्ट्रात कोल्हापूरजवळ कणेरी मठाचे ग्रामजीवन संग्रहालय तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिले असेल. बारा बलुतेदारांचे जीवन तेथे मोठ्या हौसेने दाखवले आहे. मात्र तेथील घरे आणि माणसे नव्याने, सिमेंटमध्ये घडवलेली आहेत.

मग ठाण्याचे काय? ठाण्यात टेंभी नाक्याभोवती अर्ध्या तासाच्या पायपिटीत जुन्या इमारतींची एवढी दाटी आहे की, एखाद्या विद्यार्थ्याला प्रश्न पडणारच: या सगळ्या उचलून एका मोकळ्या मैदानावर का मांडू नयेत? रहदारीचा त्रास नाही, धूर नाही, तिकीट लावून नीट राखता येतील. हा प्रश्न मला दरवर्षी एक तरी विद्यार्थी विचारतो. पावसाळा संपला की पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना घेऊन मी त्या भागात एक चक्कर मारतो. बरोबर असतात मोजपट्टी, ओळंबा, होकायंत्र, दोन तापमापके आणि एक शाळेतला पृथ्वीचा गोल. प्रश्नाचे उत्तर त्या सामानात आहे.

चक्कर सुरू होते ती कौपीनेश्वराच्या देवळापासून. शिलाहारांच्या काळापासून हे ठाण्याचे दैवत मानले जाते. सध्याचे देऊळ मात्र १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधविले. तेथून मासुंदा तलावाचा काठ धरून गेले की पोर्तुगीज काळात स्थापन झालेले सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च लागते. पुढे टेंभी नाक्याजवळ पारशी मंडळींची अगियारी आहे. इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला घेतल्यावर मुंबईहून काही पारशी कुटुंबे येथे आली. अगियारी १७८० च्या सुमाराची. आत जाण्याची मुभा फक्त पारशी बांधवांना असते, म्हणून ती रस्त्यावरूनच पाहावी. आणि नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावर, बेने इस्राएल समाजाचे सिनेगॉग आहे. त्याचे नाव शआर हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचे दार. ते १८७९ साली बांधले गेले. कोकणात तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा हा समाज 'शनवार तेली' म्हणून ओळखला जाई. घरात मराठी बोलणाऱ्या या समाजाची भारतातील सर्वांत मोठी वस्ती आज ठाण्यातच आहे. याखेरीज थोडे पुढे गेले की १७३० साली पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला आणि १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला किल्ला, म्हणजेच आजचा मध्यवर्ती कारागृह. राघोजी भांगरे यांना १८४८ साली आणि अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे या तिघांना १९१० साली येथेच फाशी देण्यात आले. तटाजवळ मोजपट्टी काढू नका. पहारेकरी चौकशी करतात आणि ते त्यांचे कामच आहे.

एवढ्याशा परिसरात देऊळ, चर्च, अगियारी, सिनेगॉग आणि किल्ला. इतिहासाच्या दृष्टीने ही श्रीमंती आहेच. पण मी पदार्थविज्ञानाचा मास्तर. मला त्या भिंती दिसतात.

जुन्या भिंतीची जाडी मोजा. दाराच्या किंवा खिडकीच्या चौकटीपाशी ती सहज मोजता येते. अर्धा मीटर, कोठे पाऊण मीटर. आता मुलांना विचारावे की, भिंत एवढी जाड का? 'वजन पेलण्यासाठी' असे उत्तर हमखास मिळते. हे उत्तर चूक आहे, आणि ते चूक आहे हे गणिताने दाखवता येते. समजा भिंत ६ मीटर उंच आहे. एक घनमीटर दगडी बांधकामाचे वजन सुमारे २४०० किलोग्रॅम. म्हणजे पायथ्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर १४,४०० किलोग्रॅम, अर्थात प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण दीड किलोग्रॅम भार येतो. भिंत जाड केली तर वजन वाढते आणि क्षेत्रफळही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून हा आकडा बदलत नाही. आपला सह्याद्रीचा काळा दगड, बेसॉल्ट, चौरस सेंटिमीटरला हजार किलोग्रॅमहून अधिक भार सहन करतो. निव्वळ स्वतःच्या वजनाने तळाचा दगड चिरडायचा असेल तर असा खांब तीन किलोमीटरांहून उंच चढवावा लागेल! दगडांमधला चुना दगडाच्या मानाने फार मऊ, पण तोसुद्धा दीड किलोग्रॅमच्या कित्येक पट भार सहज सोसतो.

मग जाडी कशासाठी? कलण्याच्या भीतीसाठी. उतरत्या छपराचे वासे भिंतीच्या माथ्याला बाहेर ढकलत असतात. कमान तर त्याहून जोराने ढकलते. दोघा विद्यार्थ्यांनी समोरासमोर उभे राहून तळहाताला तळहात टेकवावा आणि पाय थोडे मागे घेऊन एकमेकांवर रेलावे. झाली कमान! आता तिसऱ्याने त्यांच्या हातांवर हलकेच दाब द्यावा. दोघांचेही पाय मागे सरकू लागतात. तो सरकवणारा जोर म्हणजे कमानीचा आडवा रेटा. भिंतीचे वजन सरळ खाली, रेटा आडवा; दोहोंचे परिणामी बल तिरपे होऊन खाली जाते. ही तिरपी रेषा भिंतीच्या पायाच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात राहिली, तर भिंतीत कोठेही ताण निर्माण होत नाही, सर्वत्र दाबच राहतो. रेषा त्या हिश्शाबाहेर गेली की एका बाजूचे सांधे उघडू लागतात, आणि दगड-चुन्याचे बांधकाम दाब सोसते पण ताण सोसत नाही. जाडी वाढवली की हा मधला हिस्सा रुंद होतो, वजनही वाढते आणि रेषा पुन्हा आत येते. पोलाद नसलेल्या काळात भिंत उभी ठेवण्याचा हाच मार्ग होता. ओळंबा लावून पाहा. दोनशे वर्षांची भिंत बहुधा थोडी कललेली सापडेल. घाबरू नका. रेषा मधल्या हिश्शात आहे तोवर ती तशीच आणखी शंभर वर्षे उभी राहील.

'जाड भिंतीमुळे घर गार राहते' हेही सगळे सांगतात. यात निम्मे तथ्य आहे. दिवसभराची उष्णता भिंतीत लाटेसारखी शिरते. घट्ट दगडात दर १४ सेंटिमीटरांगणिक या लाटेची उंची सुमारे पावणेतीन पटीने कमी होते आणि ती सुमारे पावणेचार तास मागे पडते. म्हणजे ५६ सेंटिमीटरांच्या भिंतीत असे चार टप्पे झाले. लाट पन्नासाव्या हिश्शापर्यंत मंदावली आणि पंधरा तास उशिरा पोहोचली. दुपारी दोनचे ऊन आतल्या पृष्ठभागावर पहाटे पाचला पोहोचणार, आणि तेही नावापुरते! याउलट १५ सेंटिमीटरांच्या काँक्रीटच्या भिंतीतून जवळजवळ एक तृतीयांश लाट चार तासांत आत येते, म्हणजे ऐन संध्याकाळी, आपण घरी परततो तेव्हा. म्हणून नव्या सदनिकेत रात्री आठला भिंतीला हात लावला की ती कोमट लागते.

पण सोलापूरच्या उन्हाळ्यात जेवढा या युक्तीचा उपयोग, तेवढा ठाण्यात नाही. खाडीकाठच्या दमट हवेत दिवस-रात्रीच्या तापमानातला फरकच थोडा असतो. लाट मुळातच बुटकी; ती आणखी बुटकी करून काय साधणार? येथे घामाचे बाष्पीभवन व्हायला हवे आणि त्यासाठी वारा खेळता हवा. म्हणून ठाण्याच्या जुन्या घरांतले खरे शहाणपण शोधायचे ते उंच आढ्यात, समोरासमोरच्या खिडक्यांत, छताजवळच्या झरोक्यांत आणि भिंतीवर पाऊस व ऊन येऊ न देणाऱ्या पडवीत. भिंतीचे कौतुक करताना पडवीला विसरू नये.

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. ही भिंत उचलून नेता येईल का? दगड नेता येतील. पण दगडांना धरून ठेवणारी वस्तू नेता येणार नाही, आणि तिची गोष्ट सर्वांत रंजक आहे.

चुनखडी किंवा खाडीतले शिंपले भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजले की कॅल्शियम कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. १०० किलोग्रॅम शुद्ध चुनखडीतून ५६ किलोग्रॅम चुनकळी मिळते, ४४ किलोग्रॅम वायू आकाशात जातो. चुनकळीवर पाणी घातले की ती फसफसते, तापते आणि तिचा विरलेला चुना होतो. तो वाळूबरोबर दगडी चाकाच्या घाणीत, बैलाच्या फेऱ्यांनी, दिवसचे दिवस मळत. विटांची पूड म्हणजे सुरखी घातली तर तो ओलाव्यातही घट्ट होई. ठिकठिकाणचे गवंडी गूळ, हिरडा, बेलफळ असेही काही मिसळत. मग तो दगडांच्या सांध्यांत भरला जाई. तेथे काय घडते? चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. भट्टीत जो वायू गमावला तोच परत मिळवून तो पुन्हा चुनखडीचा दगड होतो! ही क्रिया बाहेरून आत फार मंद गतीने सरकते. जाड भिंतीच्या पोटात पोहोचायला तिला कित्येक दशके लागतात. १८७९ साली भरलेला चुना शंभर-सव्वाशे पावसाळे आणि उन्हाळे घेत दगड झालेला आहे. भिंत सुटी केली की हा दगड फुटतो. नव्या जागी नवा चुना भरावा लागतो, आणि मग ती जुन्या दगडांची नवी भिंत होते.

चुन्याविना रचलेले बांधकाम मात्र हलवता येते. इसवी सन १०६० चे अंबरनाथचे शिवमंदिर पाहा: घडीव दगडावर घडीव दगड, खाचांत खाचा. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली जाणारी नागार्जुनकोंड्याची काही प्राचीन बांधकामे अशीच सुटी करून उंचावर मांडली गेली. इजिप्तमध्ये अबू सिंबेलची देवळे तर १९६४ ते १९६८ या काळात करवतींनी हजाराहून अधिक ठोकळ्यांत कापून ६५ मीटर उंच चढवली; पण ती एका अखंड डोंगरात कोरलेली होती आणि त्या कामाला अनेक देशांचे पैसे लागले. थोडक्यात, लाकडाच्या देशाने घरे हलवून संग्रहालय केले. दगड-चुन्याच्या गावाला ते जमणार नाही. ठाण्याचे संग्रहालय जेथल्या तेथेच पाहावे लागणार, मग रिक्षांचे हॉर्न वाजत असले तरी.

जागेवरच पाहण्यात एक फायदाही आहे: दिशा. सिनेगॉगमध्ये पवित्र तोरा ठेवण्याची जागा जेरुसलेमच्या बाजूच्या भिंतीत असते. भारतात सामान्यतः पश्चिमेच्या. होकायंत्र घेऊन गेलात तर आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, हे लक्षात ठेवा. पण लोखंडी कठड्याजवळ उभे राहू नका, सुई फसते. आता पृथ्वीचा गोल घ्या आणि ठाण्यापासून जेरुसलेमपर्यंत एक दोरा ताणून धरा. दोरा ठाण्याहून निघताना पश्चिमेच्या सुमारे २८ अंश उत्तरेकडे झुकलेला दिसेल. वर्गातल्या मर्केटर पद्धतीच्या भिंतीवरील नकाशावर पट्टीने रेघ ओढलीत तर मात्र कोन २० अंशांच्या आसपास येईल. खरा कोणता? गोलावरचा दोरा सर्वांत जवळचा मार्ग दाखवतो. नकाशावरची रेघ होकायंत्राची एकच दिशा धरून चालणाऱ्या जहाजाचा मार्ग दाखवते. मक्केसाठीही हेच करून पाहा. मक्का ठाण्याच्या जेमतेम दोन अक्षांश उत्तरेला आहे, तरी दोरा पश्चिमेपासून १० अंश उत्तरेकडे निघतो. या एका प्रयोगावर माझा एक तास जातो आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

इमारतीचे वय ओळखण्याचीही एक रीत आहे. भूगर्भशास्त्रज्ञ जसे जीवाश्मांवरून खडकाचा काळ ठरवतात, तसे आपण सामग्रीवरून ठरवायचे. छपरावर मंगलोरी कौले असतील तर ते छप्पर १८६५ नंतरचे, कारण ही यंत्रावर दाबलेली कौले मंगळूर येथे बासेल मिशनच्या कारखान्यात त्या साली प्रथम निघाली. भिंती त्याहून जुन्या असू शकतात. छप्पर बदलले असेल. एखादे पडलेले कौल उलटे करून पाहा, पाठीवर कारखान्याचे नाव उमटवलेले असते. छताला लोखंडी तुळया आणि त्यांच्यामध्ये विटांच्या बुटक्या कमानी दिसल्या, तर रेल्वे आल्यानंतरचा काळ धरावा. बोरीबंदर ते ठाणे हा ३४ किलोमीटरांचा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला, आणि त्यानंतर जड माल ठाण्यात आणणे सोपे झाले. तुळईवरही गिरणीचे नाव कोरलेले असते. ते वाचायला दुर्बीण न्या. आणि सिमेंट? भारतात सिमेंटचे व्यापारी उत्पादन १९१४ साली पोरबंदरला सुरू झाले. त्याआधीच्या इमारतीवर सिमेंट दिसले तर ते बहुधा मागाहून केलेल्या दुरुस्तीचे.

ही दुरुस्ती हाच माझ्या मते सर्वांत गंभीर विषय आहे.

तीन-चार वर्षांपूर्वी नाक्याच्या परिसरातल्या एका जुन्या घराच्या ओट्यावर आम्ही मोजमापे घेत होतो. घराचे मालक, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, बाहेर आले. मुलांचे काम पाहून म्हणाले, "अहो सर, जाडी कसली मोजता, ओल मोजा! तीनदा गिलावा केला. दर वेळी आधीपेक्षा जाड सिमेंट घातले, वर ऑइलपेंट दिला. दोन पावसाळ्यांत पुन्हा पोपडे. आता भाऊबंद म्हणतात, देऊन टाकू बिल्डरला."

आम्ही आत गेलो. जमिनीपासून कमरेपर्यंत चकचकीत रंग, आणि त्याच्या वर, थेट खांद्यापर्यंत, भिंत फुगलेली, पांढरी भुकटी सुटलेली. लोणा लागला होता. मुलांना मी एवढेच विचारले की, पाणी कोठून आले आणि रंगाच्या वरच का निघाले?

दगड-विटा आणि चुना यांत केसांहून बारीक वाटा असतात. जमिनीतले पाणी त्या वाटांनी केशाकर्षणाने वर चढते. वाटेची त्रिज्या एक शतांश मिलिमीटर असेल तर पृष्ठताणाच्या सूत्राने पाणी सुमारे दीड मीटर चढू शकते. जुन्या बांधकामात ते पूर्वीही चढत होते. पण चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. चढणारे पाणी वाटेतच, फूट-दोन फुटांवर, बाष्प होऊन उडून जाई. जेवढे चढले तेवढे उडाले, हिशेब मिटला. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच मीटर पाऊस पडतो, तरी या भिंती टिकल्या त्या या हिशेबावर. आता त्यावर घट्ट सिमेंटचा थर आणि तैलरंग चढवा. खालची वाट बंद झाली. पाण्याला उडायला जागा हवी, म्हणून ते आणखी वर चढते आणि रंग जेथे संपतो तेथे बाहेर येते. येताना जमिनीतले क्षार आणते. पाणी उडते, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक गिलाव्याच्या आड वाढतात आणि गिलाव्याला आतून ढकलून पाडतात. मालक मग आणखी जाड गिलावा करतात. पाणी आणखी वर जाते.

यात आणखी एक खोच आहे. चुन्याचा सांधा दगडाहून आणि विटेहूनही दुबळा असतो आणि तसाच असायला हवा. इमारत किंचित हलली तर चीर सांध्यात पडते; विरघळलेला थोडा चुना पाण्याबरोबर त्या चिरेत येऊन पुन्हा घट्ट होतो आणि बारीक भेग आपोआप भरते. सिमेंटचा सांधा जुन्या विटेहून कठीण. तेथे इमारत हलली की वीट फुटते, आणि वीट काही भरून येत नाही. सिमेंट वाईट आहे असे कोणी समजू नये. त्याच्याशिवाय आजची शहरे उभी राहिली नसती. वाईट आहे ते लग्न जुळवणे.

त्या गृहस्थांनी आमचे ऐकले. एका खोलीतील एका भिंतीचा सिमेंट-गिलावा त्यांनी जमिनीपासून दीड मीटर काढवला. चुना मळणारा गवंडी शोधायला दोन महिने गेले. शेवटी वसईकडचा एक म्हातारा मिळाला. उघडी भिंत एक उन्हाळा सुकू दिली, मग चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी. पुढच्या पावसाळ्यानंतर आमची मुले पाहून आली. इतर तीन भिंतींवर पोपडे होते, त्या भिंतीवर जमिनीलगत वीतभर ओल होती आणि वर ती कोरडी होती. पण घर सात वारसांचे होते. सह्या झाल्या, आणि दुसऱ्या वर्षी तेथे पत्र्याचे कुंपण लागले. सातही जणांना राहण्यापुरती जागा हवी होती, त्यात चूक काही नाही. मला एवढेच वाटत राहिले की 'घर ओलीने गेले' असे जे कारण सगळे सांगत होते, ती ओल घराची नव्हती, गिलाव्याची होती.

नाक्यावरची दुसरी मोठी घडामोड तुम्हांला ठाऊक असेल. विठ्ठल सायन्ना यांच्या नावाच्या जिल्हा रुग्णालयाच्या, म्हणजे आपल्या सिव्हिलच्या, ब्रिटिशकालीन इमारती पाडून तेथे ९०० खाटांचे नवे रुग्णालय बांधण्याचे ठरले. २०२३ साली त्याचे भूमिपूजन झाले. माझ्या वर्गात यावर जोरदार भांडण झाले. एका मुलीची आजी त्याच रुग्णालयात दोन रात्री जमिनीवर झोपली होती. तिने जुन्या भिंतीच्या बाजूने बोलणाऱ्यांना गप्प केले आणि माझ्या मते तिचेच बरोबर होते. मात्र पाडायची इमारतही मोजून ठेवता येते. भिंतीची जाडी, खिडक्यांची मापे, छपराची कैची, चुन्याचा मूठभर नमुना, चारही बाजूंची छायाचित्रे. दहावीच्या चार विद्यार्थ्यांना एक रविवार पुरतो. हे काम करायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही, लागतो तो चौकोनी रेघांचा कागद.

जायचे असेल तर काही गोष्टी सांभाळा. यांपैकी बहुतेक इमारती वापरात आहेत, तेव्हा आधी परवानगी मागा. सिनेगॉगमध्ये शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, पाहुणे म्हणून जाऊ नये. इतर दिवशी जाताना डोके झाकावे. भिंतीला खरवडून नमुने घेऊ नका, पडलेला तुकडा मिळाला तरच उचला. त्यावर विरल आम्लाचा, घरी असल्यास लिंबाच्या रसाचा, थेंब टाका. बुडबुडे आले तर कार्बोनेट आहे. पण सिमेंटच्या जुन्या गिलाव्यातूनही थोडे बुडबुडे येतात, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. नखाने ओरखडा उठतो का, तेही पाहावे.

आणि ज्यांना ठाण्यापर्यंत येणे शक्य नाही त्यांनी लोण्याचा प्रयोग घरीच करावा. साध्या भाजलेल्या दोन विटा घ्या. एकीला खालच्या निम्म्या भागावर, चारही बाजूंनी, तैलरंगाचे दोन हात द्या. तळ मात्र कोरा ठेवा. दुसरी वीट तशीच राहू द्या. रंग वाळला की दोन्ही विटा एका थाळीत मिठाच्या पाण्यात उभ्या करा. पाणी दोन बोटे असावे आणि आटले की पुन्हा घालावे. थाळी वाऱ्यावर ठेवा. पंधरा दिवसांनी पांढरे मीठ कोणत्या विटेवर कोठे उमटले आहे ते पट्टीने मोजा आणि वहीत आकृती काढा.